सुटी फळी

मोरीमागं आठ बाय सहाची जागा होती,
म्हणजे होती म्हणायची.
गंजका पाईप, फुटका रांजण, शेजारच्या बोरीचे काटे
आणि मार्चपासूनच पाय न ठरणारी माती.
राजमणी म्हणाली, इथं लाकडाचा ओटा करू.
सिमेंटचा नको. सिमेंट रात्री दोनपर्यंत
दिवसाचं ऊन परत देत बसतं.

गुरुसिद्धप्पा सुतारानं टेप न काढताच विचारलं,
लांबी-रुंदी किती?
मी म्हटलं, चार हजार दोनशे.
तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला,
मग मराठीत: बसायला होईल, नाचायला नाही.

बोनसमधले अडीच हजार.
भिशीचे पंधराशे, ज्यातून कूलर यायचा होता.
वरचे दोनशे कुठून आले
ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

त्याच आठवड्यात अक्कलकोट रोडच्या शेडमधून
जुने माग निघाले.
लोखंड भंगारवाल्यानं काट्यावर घालून नेलं.
लाकडाला कुणी विचारेना:
दोन मागांच्या मधे, आम्ही ज्यावर उभे राहायचो त्या फळ्या,
तेलानं काळ्या, फटींत सुताचा भुसा.
मॅनेजर म्हणाला, टेम्पो तुझा, फळ्या तुझ्या.
गुरुसिद्धप्पानं नख मारून बघितलं, वास घेतला,
कुठलं झाड ते त्यालाही सांगता येईना.
म्हणाला, तेल पिऊन पिऊन हे आता लाकूड राहिलं नाही बे,
वाळवी तोंड लावायची नाही.

चौदा नंबरच्या मागापुढची फळी मी लगेच ओळखली.
डाव्या अंगाला खोलगट.
माझा डावा पाय जड पडतो.
अकरा वर्षं काय केलंस म्हणून कुणी विचारलं
तर दाखवायला एवढं आहे,
बशीएवढा खड्डा.

विटा पडक्या भिंतीच्या, फुकट.
खाली टेकू म्हणून शहाबादीचे तुकडे,
दुकानामागच्या ढिगातून निवडलेले.
जुने खिळे ठोकून सरळ करू म्हटलं
तर गुरुसिद्धप्पा खवळला:
खिळ्यात वाचवणारा माणूस रात्री पडतो.
खिळे नवे आणले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नववी फळी बसली.
शेवटचा खिळा आत गेला
आणि राजमणी कळशी घेऊन बाहेर आली.
आणि नळाचा कॉक?

कॉक ओट्याखाली होता.
पाणी चौथ्या दिवशी येतं, कधी रात्री अडीचला, कधी साडेतीनला,
कॉक उघडल्याशिवाय टाकीपर्यंत चढत नाही.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग गुरुसिद्धप्पानं हातोडी उलटी धरली.

मला वाटलं, माझीच फळी निघणार.
नाही. तिच्या शेजारची.
पंधरा नंबर, रात्रपाळीचा अंबाजी गाजूल,
भिवंडीला गेला तो.
तिचे खिळे काढले ते काढलेच.

आता तिच्यावर पाय पडला की ती टक् वाजते.
पोरगा उशिरा आला तर कळतं,
मांजर आलं तरी कळतं.
चौथ्या रात्री राजमणी अंधारात फळी उचलते,
खांद्यापर्यंत हात आत घालते,
आणि पाण्याच्या आधी पाईपातून हवा येते,
म्हातारा घसा साफ करतो तशी.
मी बशीएवढ्या खड्ड्यात टाच ठेवून पडलेला असतो.
ज्यावर उभं राहून झोप आवरायचो
त्यावर आडवं पडून झोप येत नाही,
हे राजमणीला सांगितलं.
ती म्हणाली, मग उठ, घागरी लाव.

दुपारी ती इथंच विड्या वळते.
पानांची कात्रणं फटींतून खाली जातात,
ओट्याखाली चांगला थर झालाय.
काढू, पाणी येईल तेव्हा.

गुरुसिद्धप्पाचे साठ रुपये अजून द्यायचेत.
रविवारी तो येतो, चपला खाली काढतो,
सुटी फळी न बघता ओलांडतो.
चहा होईपर्यंत पैशांचा विषय काढत नाही.
चहा झाल्यावरही नाही.